मगरिबच्या आत

३ एप्रिल, गुरुवार

ही वही कॉलेजची. पहिल्या बारा पानांवर लेथ मशिनच्या आकृत्या आहेत, तेराव्यावर अर्धं दातेरी चाक. तिथेच कॉलेज सुटलं. सुटलं म्हणजे मीच सोडलं. सर वर्गात म्हणाले, किनाऱ्यावरच्यांची अक्कल मासे वाळवण्यापुरतीच असते. मी हातातला पाना फेकला. तो सरांना लागला नाही, खिडकीची काच फुटली. माफी मागितली असती तर मिटलं असतं. मागितली नाही.

याला चौदा महिने झाले. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. समोर बसून जेवतात आणि आईला सांगतात, "तुझ्या मुलाला म्हणावं, मीठ सरकव." मी मीठ सरकवतो. दिवसा चुलतभावाच्या गॅरेजात मोटारसायकली दुरुस्त करतो.

आज वही उघडायचं कारण मस्नी. ती सोळा तारखेला जाणार. जकार्त्याला चार महिने शिकवणी, मग तीन वर्षं जपान, तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला. दीड वर्ष ती त्यांची भाषा घोकतेय. अट एवढीच की मुलगी अविवाहित हवी.

मी दीड वर्ष दर गुरुवारी नि शनिवारी तिच्या ओसरीवर मिदांगला, म्हणजे लग्नाच्या मुलीला रीतसर भेटायला, बसतो. आत तिची आई जागी, बाहेर मी, मध्ये कॉफी. शाळेतला तो मास्तर फायेदही येतो, त्यालाही तीच कॉफी. तिचे वडील पंधरा मिनिटांनी एकदा खोकतात. गावात त्यांना अमाक मस्नी म्हणतात, म्हणजे मस्नीचा बाप. त्यांना दुसरं काही नाव असेल तर ते कुणाला आठवत नाही.

आज मास्तर लवकर उठला. मस्नी म्हणाली, "इरवान, जायच्या आधी मला एक दिवस काहीच करायचं नाहीये. पुस्तक नाही, घोकणं नाही. तुझ्या मामाच्या बेटावर, गिलीवर नेतोस?"

मी म्हटलं, ईदनंतरच्या तोपातच्या सणाला जाऊ. सगळं गावच पाण्यावर असतं. हो म्हणताना माझ्या मनात काही नव्हतं. हे मी शपथेवर लिहितो.

७ एप्रिल, सोमवार. गिली कापुकवर, दुपारी

सगळे झोपलेत म्हणून लिहायला मिळतंय.

सकाळी मामा होडी घेऊन किनाऱ्यावर आला. मस्नीबरोबर तिची चुलतबहीण लिना, लिनाचा नवरा आणि दोन पोरं. तोपातचा सण, त्यामुळे प्रत्येकाच्या मांडीवर भाताच्या पुड्यांची माळ. मस्नीची माळ सुटली. नारळाचं पातं कापायला तिला सुरी हवी होती. मामाने पायाने फळीखालचा बिस्किटांचा डबा तिच्याकडे लोटला. त्यात तंबाखू, गळ, सुरी, नि एक छोटं कागदी खोकं.

"हे काय?"

मी सांगितलं, होडीच्या इंजिनाचा जादा प्लग, ठिणगीचा. हा जवळ नसेल तर मामा होडी पाण्यात घालत नाही. तीस वर्षांत त्याची होडी एकदाही दर्यात बंद पडलेली नाही. तिने तो प्लग कानाजवळ धरला आणि विचारलं, डूल कसं दिसतंय. मामा म्हणाला, "पोरी, लग्नात दुसरा जोडीला देतो." सगळे हसले. ती पण हसली.

गिलीवर काहीच नाही, हेच तर हवं असतं. सात घरं, खारट पाण्याची एक विहीर, शेळ्या. पाहुण्यांसाठी मामाच्या चार झोपड्या. दहाला मामीने कॉफी हवी का विचारलं, साडेअकराला ती आली, आणि उशीर झाला असं कुणालाच वाटलं नाही. मस्नी उथळ पाण्यात ओंडक्यासारखी पडून होती, डोळे मिटून, तासभर. मी जवळ बसलो होतो.

"इथे कुणी कुणाची वाट बघत नाही ना?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं.

"म्हणून बरं वाटतं."

मग मला दिसलं, तिचे ओठ हलतायत. पाण्यात पडून, डोळे मिटूनसुद्धा ती शब्द घोकत होती. ती इथे माझ्याशेजारी होतीच कुठे? ती कधीच निघून गेली होती, उरलंय ते फक्त तिचं सामान. माझं डोकं तेव्हा जे तापलं ते अजून तापलेलं आहे. फणसाखाली बसून लिहितोय, वारा आहे, तरी.

परतायच्या दोन फेऱ्या. पहिलीत लिनाची मंडळी, दुसरीत आम्ही. मगरिबच्या, सूर्य बुडतानाच्या नमाजाच्या, आत घरी.

८ एप्रिल, मंगळवार

मी प्लग काढला.

हे आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढे लिहिताना हात दुसरीकडे वळेल.

तीन वाजता लिना निघाली. मस्नीला म्हणाली, तूही चल. मीच मध्ये पडलो, तिचं पोहणं कुठे झालंय अजून. मामा लगेच म्हणाला, हो हो, होडी जड होते, या दोघांना मागून नेतो. साडेचारला तो परत आला आणि विहिरीकडे गेला, हातपाय धुवायला. नेहमी पाच मिनिटं लागतात, काल बराच वेळ लागला. मामी भांडी घासत होती. मस्नी केस पिळत होती. मी होडीत चढलो, प्लग सोडवला, खिशात टाकला, वायरीचं टोपण परत जागेवर दाबलं. इंजिन नुकतंच थांबलेलं, प्लग निखाऱ्यासारखा. मांडीला चटका बसला. ओरडलो नाही.

आमच्याकडे दिवसाउजेडी कुणी मुलगी पळवत नाही. तो अपमान. मेरारिक रात्रीचं करायचं, मुलीच्या मर्जीने करायचं, आणि तिला मुलाच्या नातेवाइकाच्या घरी ठेवायचं. मग गावाला निरोप आणि मग लग्न. पण दिवसा हिंडायला गेलेली मुलगी मगरिबपर्यंत परत आली नाही, तर गाव तिला नेलेलीच धरतं. कुणी विचारायला जात नाही. तिच्या घरचे शोधायलाही येत नाहीत, कारण येणं म्हणजे भांडण मागणं. हे सगळं मला माहीत होतं. प्लग सोडवताना माहीत होतं.

मामाने इंजिन सुरू करायची दोरी ओढली. अकरा वेळा. प्लग नसताना दोरी हलकी लागते, पण त्याच्या लक्षात आलं नाही. वय झालंय.

मस्नी म्हणाली, "इरवान, तू बघ ना. दोन वर्षं शिकलायस."

मी वाकलो. टोपणाला हातही लावला नाही, दुसरंच काहीतरी उघडून बघितलं. कळत नाही म्हटलं. मामी हसली, "कॉलेजच्या फीचे पैसे बाबांनी शेळ्यांवर घातले असते तर दूध तरी मिळालं असतं."

मस्नी हसली नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी वीज गेलेली असताना मी तिच्या वडिलांचा पाण्याचा पंप अंधारात चाचपून चालू केला होता. कंदील तिनेच धरला होता.

थोड्या वेळाने तिने परत विचारलं, "नक्की कळत नाही?" मी नाही म्हटलं. मग ती होडीत आपल्या जागेवर जाऊन बसली. सूर्य पार खाली आला तेव्हा तिसऱ्यांदा म्हणाली, "इरवान, अजून वेळ आहे. चालू होईल?" मी म्हटलं, मला नाही वाटत. तिने खाली फळीकडे बघितलं, मग मामाकडे, मग माझ्याकडे. मामा समुद्र बघत होता. बाकीच्या होड्या तोपातसाठी पलीकडेच राहिल्या होत्या.

पाण्यावरून पलीकडची बांग ऐकू आली. मस्नीने ओढणी डोक्यावर नीट घेतली आणि घरी फोन लावला. अमाक मस्नींनी उचलला. इंजिन बंद पडलंय, मी इरवानच्या मामाकडे आहे, असं ती म्हणाली. त्यांनी फोन ठेवला. ती मामीजवळ जाऊन बसली. मी होडीत झोपलो. झोपलो म्हणजे पडलो.

सकाळी मामाने एकदाच दोरी ओढली आणि इंजिन सुरू झालं. माझा प्लग माझ्या खिशात. शेजारच्या सुकूरकडून त्याने आणला असेल. मी विचारलं नाही, कुठल्या तोंडाने विचारणार?

होडी आमच्या धक्क्याला न लावता मामाने पुढच्या खाडीत लावली, मावशीच्या घरापाशी. मस्नी उतरेना.

"मला माझ्या घरी सोडा."

"घरी कशी सोडू, पोरी?" मामा म्हणाला. "आता तू दारात उभी राहिलीस तर लोक म्हणतील, नेली आणि टाकली. तुझ्या बापाला ते ऐकवणार आहेस का?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी होडीच्या कडेचा, उलांडीचा बांबू बघत होतो. ती उतरली.

९ एप्रिल, बुधवार

आई सकाळपासून नाचायचीच बाकी आहे. अमाक मस्नींची मुलगी आपल्या घरात येणार, हे तिला खरंच वाटत नाही. नवं लुगडं मावशीकडे पाठवलं, वरून साखर. पोरं नगारेवाल्यांशी बोलूनही आली. गॅरेजात सगळे पाठ थोपटतात, इतक्या अभ्यासू मुलीला तू फितवलंस तरी कसं, म्हणून विचारतात. मास्तर फायेद मोटारसायकल थांबवून खाली उतरला, हात हातात घेतला आणि म्हणाला, "सांभाळ तिला." त्याचा राग करण्यात मी दीड वर्ष घालवलं. आज तोही करता येईना.

दुपारी जेवायला बसलो. बाबा म्हणाले, "इरवान, भात घे अजून."

मला. माझं नाव घेऊन. चौदा महिन्यांनी. आई पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. मी भात घेतला.

रिवाजाप्रमाणे निरोप्यांनी पाड्याचे प्रमुख हासिमकाका यांना आणि तिच्या घरी कळवलं. परवा जुम्म्यानंतर दोन्हीकडची माणसं मावशीच्या अंगणातल्या माच्यावर बसतील. हासिमकाका मस्नीला सगळ्यांसमोर विचारतील, तू तुझ्या मर्जीने आलीस का?

ती हो म्हणाली तर पुढच्या आठवड्यात लग्न, जपान संपलं. नाही म्हणाली तर घरी जाईल, पण जन्मभर परत आलेली मुलगी म्हणून. होडीच बिघडली होती, तिचा काय दोष, असं तोंडावर म्हणतील. ओसरीवर मात्र कुणी येणार नाही, आणि तिचा बाप कुणाचा आजोबा न होता अमाक मस्नी म्हणूनच हाक ऐकत राहील.

काल मला वाटत होतं, एकदा लग्न झालं की मी तिला इतकं सुखात ठेवीन की ती सगळं विसरेल. आज ते वाक्य लिहून बघितलं. वाचवत नाही.

संध्याकाळी मावशीच्या मागच्या दाराशी गेलो. नवऱ्या मुलाने जायचं नसतं, तरी गेलो. फटीतून दिसली. मांडीवर जपानीची वही उघडी होती, पान उलटत नव्हती. मावशी बाहेर येऊन माझ्यावर खेकसली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "पोरी पहिले दोन दिवस रडतात. ही रडत नाही रे. तीच काळजी आहे."

१० एप्रिल, गुरुवार

आईला सांगायला गेलो. ती खलबत्त्यात मिरच्या कुटत होती, माझ्याच लग्नाच्या. मी म्हटलं, आई, ऐक ना. ती म्हणाली, "बाबा बोलले ना तुझ्याशी? मी नवस केला होता." आणि कुटत राहिली.

मी बाहेर आलो.

मांडीवरचा फोड फुटला. तिथे पँट चिकटते.

११ एप्रिल, शुक्रवार

माच्यावर चौदा माणसं होती. अमाक मस्नी अगदी कडेला, पाय खाली सोडून, जणू कुठल्याही क्षणी उठून जातील. कॉफी आली. हासिमकाका कधीच घाई करत नाहीत. आधी आमच्या मोटारसायकलींचा धंदा कसा चाललाय ते विचारलं, मग मामाला म्हणाले, "तुझी होडी बिघडली, ऐकून नवलच वाटलं." मामा म्हणाला, लोखंडच ते काका, कधीतरी दगा देणारच.

मग त्यांनी मस्नीला बाहेर बोलवायला सांगितलं.

ती दारात आली. आईने पाठवलेलं लुगडं तिने नेसलेलं नव्हतं, तोपातच्या दिवशीचेच कपडे धुऊन घातले होते. हासिमकाकांनी घसा साफ केला. त्यांनी तोंड उघडायच्या आत बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळलं. खिशातून प्लग काढला आणि चटईवर ठेवला.

"हा मी काढला होता. होडी बिघडली नव्हती. हिला काहीच माहीत नव्हतं. हिला काही विचारू नका."

मामा पहिला बोलला, पोराच्या डोक्याला ऊन लागलंय, घाबरलंय ते. मामा बिचारा मला वाचवायला बघत होता. मी पँट वर करून मांडी दाखवली. गरम प्लगचा चटका असाच उठतो, हे किनाऱ्यावरच्या माणसांना सांगावं लागत नाही.

हासिमकाकांनी प्लग उचलून बघितला आणि परत चटईवर ठेवला. "मग हे मेरारिक नाही," ते म्हणाले. "ही चोरी आहे. आणि चोरीच्या मालाला कुणी विचारत नाही की तू मर्जीने आलास का. पोरीवर काही नाही." निकाल असा की वर्षभर तिन्ही पाड्यांतल्या कुठल्याही ओसरीवर मी मिदांगला बसायचं नाही, आणि आज संध्याकाळी मशिदीत सगळ्यांसमोर हेच पुन्हा सांगायचं.

अमाक मस्नी उठले. मला वाटलं, मारतील. मारायला हवं होतं. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"माझा पंप अंधारात दुरुस्त केलास, तेव्हा हात कापत होता का तुझा?"

"नाही."

"आता कापतोय."

मग मस्नीला घेऊन निघाले, मागच्या पायवाटेने नाही, भर दुपारी मोठ्या रस्त्याने, एकेका घरासमोरून. दोघं सावकाश चालत होते. ती माझ्याकडे एकदाही वळली नाही.

मशिदीत सांगितलं.

१२ एप्रिल, शनिवार

आई अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडली आहे. कुटलेल्या मिरच्या शेजारणीला देऊन टाकल्या. नगारेवाल्यांना पोरांनी परत पाठवलं. गॅरेजात कुणीतरी माझ्या टेबलावर जुन्या प्लगांची माळ टांगून ठेवली. मी काढली नाही. लटकू दे.

रात्रीचं जेवण मीच वाढलं. बाबा आणि मी दोघंच. आता पुन्हा चौदा महिने, मी मनात म्हटलं. बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "मीठ दे."

आई तिथे नव्हती. मग ते कुणाला म्हणाले, याचा विचार मी बराच वेळ करत होतो.

१६ एप्रिल, बुधवार

गेली.

गाडी बाजारातूनच सुटते, गॅरेजच्या समोरून. मी एका मोटारसायकलीखाली होतो, बाहेर यायची हिंमत नव्हती. तिची आई, वडील, लिना, मास्तर फायेद, सगळे होते. मामाही आला होता. सुकवलेल्या माशांची पुडी तिच्या हातात द्यायला लागला. मला वाटलं, माझ्या वतीने माफी मागतोय.

तिने पुडी घेतली. गाडीच्या पायरीवर चढली आणि तिथून म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पण अगदी सरळ आवाजात, "मामा, डब्यात नवा प्लग आणून ठेवा."

मामाने मान खाली घातली.

लिना हसली, तिला ती गंमत वाटली. मस्नी आत गेली. गाडी निघाली. मी तसाच खाली पडून, हातात पाना.

डबा.

संध्याकाळी मामाबरोबर धक्क्यावर गेलो. होडीत चढलो, फळीखालून डबा ओढला. तंबाखू, गळ, सुरी. छोटं कागदी खोकं, रिकामं. नवा प्लग इंजिनात बसलेला दिसत होता, अजून चकचकीत. सुकूरकडून कसला आणतोय.

मी मामाकडे बघितलं. तो दोर गुंडाळत होता.

"दोरी हलकी लागली तेव्हाच कळलं मला," तो म्हणाला. "वाटलं, मार्गाला लागशील. घरात बसशील. तुझा बापही बोलेल तुझ्याशी." मग जरा थांबून, "बोलला ना?"



डबा तिच्या पायापाशी होता. सकाळी तिने तो उघडला होता, प्लग कानाला लावून बघितला होता, आणि मीच तिला सांगितलं होतं की याच्याशिवाय मामा होडी पाण्यात घालत नाही. हात लांब केला असता तर झालं असतं. पण मग मामाला, एका म्हाताऱ्या माणसाला, त्याच्याच बायकोसमोर खोटा ठरवावं लागलं असतं, आणि मला चोर. तिने ते केलं नाही. तीनदा मला विचारलं. मी समजलो, घाबरली आहे. ती वेळ देत होती. सूर्य बुडेपर्यंत, जेवढा तिच्याकडे होता तेवढा सगळा.

आणि तीन दिवस त्या घरात बसून ती कशाची वाट बघत होती, हे आता मला विचारता येणार नाही. त्या माच्यावर मी बोललो नसतो तर ती काय म्हणाली असती, तेही नाही.

गॅरेजातून येताना मी एक नवा प्लग आणला होता. कशासाठी आणतोय हे आणताना धड कळत नव्हतं. तो खोक्यात घातला. मामाने डबा घेतला, फळीखाली सरकवायला वाकला, मग मीच ठेवावा म्हणून तसाच माझ्याकडे दिला. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. समोर गिली दिसत होती, नेहमीसारखी, काही न करता पडलेली.

मगरिबला अजून तासभर होता.